आधी नकाशा, मग प्लॉट

पार्सिपनी, ११ मे २०२५

श्री. रवींद्र दाबके यांस,

साष्टांग नमस्कार घालायची इच्छा नाही आणि सप्रेम म्हणायची सोय तुम्ही ठेवली नाहीत, तेव्हा मायना एवढाच.

नवऱ्याला पत्र कशाला, असं म्हणाल. फोनवर तुमचा आवाज ऐकला की माझ्या तोंडून आधी 'जेवलात का' निघतं, मग तुम्ही प्रतापभावजींकडच्या चीजचं वर्णन लावता आणि भांडण राहून जातं. ईमेल केली तर दोन ओळींचं उत्तर येतं आणि खाली हसरा चेहरा. म्हणून कागद आणि पेन. एकदा पोस्टात पडलं की मलाही परत घेता यायचं नाही, हा आणखी एक फायदा.

तुम्ही एप्रिलमध्ये तीन आठवड्यांसाठी गेलात. प्रतापभावजींचा, तुमच्या कॉलेजातल्या मित्राचा, सत्तरावा वाढदिवस, ते फ्रान्समधल्या खेड्यात एकटे, बायको जाऊन दोन वर्षं झालेली, तेव्हा जायलाच पाहिजे, हे मीच म्हटलं होतं. बॅग मीच भरली. तिकिटं मीच काढली, जाताना-येताना कडेची सीट, कारण तुम्हाला सारखं उठावं लागतं. परतीच्या विमानात ती सीट रिकामी आली. का, तर 'एक जागा बघतोय, थोडा वेळ लागेल'. पार्किंगला जागा बघावी तितक्या सहज म्हणालात.

आणि शुक्रवारी तो फोटो. उतारावरची हिरवी जमीन, मधोमध अक्रोडाचं झाड, कुंपणापलीकडे तपकिरी गाई आणि पुढे तुम्ही, भावजींची टोपी घालून, एखाद्या संस्थानिकासारखे. खाली ओळ: 'ला रुव्हेर गावातली आपली जागा. वीज-पाणी रस्त्यापर्यंत आलेलं. करारावर मंगळवारी सही केली, तुझ्यावतीनेही. कशी वाटते?'

कशी वाटते हा प्रश्न सोमवारी विचारायचा असतो हो. मंगळवारी सही करून शुक्रवारी विचारलं की त्याला प्रश्न म्हणत नाहीत.

मी बॉस्टनला अंतराला फोन केला. म्हटलं लेक तरी आईच्या बाजूने बोलेल. ती म्हणते, "आई, इट्स हिज ड्रीम. लेट हिम." हे लेट हिम मी चव्वेचाळीस वर्षं करतेय. तुमचं एमएस होतं म्हणून स्टेट कॉलेज नावाच्या गावी आले. तिथे तुमच्या तीन रूममेट्सचाही स्वयंपाक केला, कारण नव्या वहिनी आल्या की पोरांना घरचं जेवण मिळतं असा तुमच्यात हिशोब ठरलेला होता. तुमची नोकरी इकडे लागली म्हणून पार्सिपनी. हे घर तुम्ही मला दाखवलंत ते ऑफर देऊन झाल्यावर. मी हॉस्पिटलात कॉलवर होते, त्रास नको म्हणून विचारलं नाहीत. मग त्याच घराला मी माझं करून घेतलं. मागच्या अंगणात कढीपत्ता जगवला, तो हिवाळ्यात आत, उन्हाळ्यात बाहेर, मूल सांभाळावं तसा. समोर दोन घरं सोडून रेखा आहे. गुरुवारचं फ्री क्लिनिक आहे. मी अडुसष्ट वर्षांची आहे आणि मला कुठेही जायचं नाही.

करार रद्द करायला तिकडे दहा दिवस मिळतात, हे मी वाचून काढलंय. हे पत्र तुम्हाला वेळेत मिळायचं नाही, हेही मला माहीत आहे. पण फोनवरही मी नाहीच म्हणाले होते. 'विचार करून सांग' म्हणालात तुम्ही. केला विचार.

सुनेत्रा


पार्सिपनी, २ जून

रवींद्र यांस,

पत्र पोचलं, आणि उत्तर म्हणून घराचा नकाशा आला. माझ्या रागाला तुमचं उत्तर म्हणजे एक बेडरूम जास्त.

नकाशा बघितला. देवघर ईशान्येला, स्वयंपाकघर आग्नेयेला. वास्तुशास्त्रावर तुमचा विश्वास नाही, हे फक्त 'आईला बरं वाटलं असतं' म्हणून. आई जाऊन एकवीस वर्षं झाली. जी जिवंत आहे तिला काय बरं वाटेल? तर तिला स्वयंपाकघर. केवढं ते! मधोमध ओटा, सहा शेगड्या. मी जन्मभर लोकांना भूल देऊन झोपवलं आणि न चुकता उठवलं. लग्नाच्या पंगती नाही उठवल्या. सहा शेगड्यांवर काय शिजवू, त्या तपकिरी गाईंना खीर?

आणि हा नकाशा मी ओळखते. स्टेट कॉलेजच्या त्या अपार्टमेंटमध्ये आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने काढलेला हाच. तेव्हा त्यात गच्ची होती, आता उतरतं छप्पर आहे. बाकी दार तिथे, जिना तिथे, देवघर तिथे. जमीन कुठली, उतार कुठे, ऊन कुठून, याचा पत्ता नसताना घर तयार. आधी कळस मग पाया! अहो, तुम्ही सिव्हिल इंजिनियर ना? जमीन बघून घर काढतात की घर काढून जमीन शोधतात?

एक विचारते. फोटोत अक्रोडाचं झाड आहे. नकाशात नाही. मी फोटो समोर धरून ताडून बघितलं. तुमचं देवघर बरोबर त्या झाडाच्या जागी येतंय. झाड कुठे गेलं?

छपराची कौलं करडीच हवीत आणि खिडक्यांच्या झडपांचा रंगसुद्धा मेयरच्या ऑफिसला विचारायचा, हे तुम्ही किती कौतुकाने लिहिलंत. 'हे लोक गावाचं रूप जपतात.' आपल्या बाथरूमच्या फरशा निळ्या हव्यात असं मी म्हटलं होतं, तेव्हा रीसेल व्हॅल्यू आडवी आली होती. मेयर बाईच्या जन्माला यायला हवा होता, मग कळलं असतं त्याला.

आता मुख्य गोष्ट. शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात एक तरुण मुलगा, गळ्यात आयडी, हातात लेझरचं मोजायचं यंत्र.

"काकू, मी प्रसाद. रिॲल्टर आहे. काकांचा फ्रान्सहून कॉल आला होता. जस्ट व्हॅल्युएशन करून जातो, ट्वेंटी मिनिट्स."

"काका कुठायत?"

"फ्रान्समध्ये ना, काकू?"

"मग त्यांना घेऊन ये, आणि मग आत ये."

"काकू, इट्स नो कमिटमेंट. मार्केट एकदम हॉट आहे यार... सॉरी, काकू."

बिचाऱ्याने लॉनवर उभं राहून बाहेरून फोटो काढले आणि गेला. त्याचा काय दोष. पण तुम्ही लक्षात घ्या. या घरावर माझीही सही आहे. मी जिवंत असेपर्यंत ते विकायचं नाही. तुमचं पेन्शन, तुमची बचत, त्यातून फ्रान्समध्ये काय हवं ते खड्डे खणा. हे घर मध्ये आणायचं नाही. परत कोणी मोजायला आलं तर मी पोलीस बोलावीन, आणि पोलिसांना चहा करून देऊन सगळी कहाणी सांगेन.

सुनेत्रा


पार्सिपनी, २४ जून

तुमची ईमेल आली. छापून घेतली, कारण स्क्रीनवर वाचून विश्वास बसेना.

म्हणजे माझ्यामागे हेही झालं. अंतरा मेमोरियल डेच्या सुट्टीला आली होती ती 'असंच, आई' नव्हती. बेसमेंटमधल्या फायलीतून माझ्या जन्माचा दाखला आणि आपलं मॅरेज सर्टिफिकेट स्कॅन करून तिने तुम्हाला पाठवलं. बापलेकींचं गुळपीठ जुनंच आहे, त्याचं मला काही वाटत नाही. वाटतं ते पुढचं.

तिकडे खरेदीखत करणारी जी सरकारमान्य वकीलबाई, जिला 'नोटरी नव्हे, नोतेर' म्हणायला तुम्ही मला शिकवलंत, तिने कागद परत पाठवले. तिकडच्या नियमाने बाईचं नाव जन्मापासून मरेपर्यंत कागदोपत्री तेच. लग्न झालं तरी खरेदीखतात जन्मनावच लागतं. आणि माझ्या जन्माच्या दाखल्यावर आहे रेणू भालचंद्र वझलवार, नागपूर. पासपोर्टवर, मॅरेज सर्टिफिकेटवर सुनेत्रा रवींद्र दाबके. नाव वेगळं, मधलं नाव वेगळं, आडनाव वेगळं. ती म्हणाली, या दोन बायका आहेत, यातली तुमची कोणती?

आणि तुम्ही लिहिता, 'तिला वाटतंय मला दोन बायका आहेत, हा हा हा.'

हसा. पण त्याच्या खालची ओळ तुम्ही हसत लिहिली नाहीत, साधी विचारली आहे: 'भालचंद्र म्हणजे अण्णाच ना? की ते आडनावातलंच काही आहे?'

माझे वडील तुम्ही तेवीस वर्षं पाहिलेत. त्यांच्या हातचं पान खाल्लंत. ते गेले तेव्हा नागपूरला तुम्ही खांदा दिलात. त्यांचं नाव तुम्हाला माहीत नाही? अण्णा हे तर सगळ्या गल्लीचेच अण्णा होते हो.

आता त्या बाईला हवंय ते असं की मी इथल्या नोटरीसमोर शपथेवर सांगायचं की रेणू आणि सुनेत्रा एकच. 'पाच मिनिटांचं काम आहे,' तुम्ही लिहिता. हा कागद मी आधीही एकदा केलाय. आठवतं? इथल्या डॉक्टरकीच्या लायसन्ससाठी. तुम्ही टाइप केलात, बोट ठेवलंत, मी सही केली. वाचलासुद्धा नव्हता. आणि मग माझी एमबीबीएसची डिग्री तुम्ही बेसमेंटमध्ये घर तापवायच्या भट्टीशेजारी लावलीत, कारण तिच्यावरचं नाव बघून लोक गोंधळतील. ती अजून तिथेच आहे. भट्टीच्या उष्णतेने काचेच्या आत कागद पिवळा पडलाय.

आता तुम्हाला त्या दिवसाचं सांगते, कारण तुम्ही तिथे होतात आणि तुम्हाला दिसलं नाही. लग्न लागून आपण रात्रीच्या गाडीने पुण्याला आलो. तुमच्या घरी लक्ष्मीपूजन. ताम्हणात तांदूळ पसरलेले. तुम्ही अंगठीने त्यात नाव लिहिलंत आणि ताम्हण माझ्याकडे वळवलंत. तोपर्यंत मला कोणी काही सांगितलं नव्हतं. मी बघतेय तर सु-ने-त्रा. मला खरंच वाटलं, ही कोण? तुमच्या आत्याने साखर वाटली. सगळ्या बायका म्हणाल्या, छान नाव. मी चोवीस वर्षांची होते, डॉक्टर होते, वॉर्डात मला वाघीण म्हणायचे, आणि मी मान खाली घालून त्या तांदळांकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्या तांदळांची खीर झाली.

माझ्या माहेरची माणसं रेणूच म्हणायची. आई गेली, मग दादा गेला. त्यानंतर रेणू म्हणणारं कोणी उरलं नाही. आणि आज तुम्हाला ते नाव हवंय, कारण त्याच्याशिवाय तुमचा प्लॉट होत नाही.

हो. भालचंद्र म्हणजे अण्णाच.

सु.


पार्सिपनी, १९ जुलै

रवींद्र,

आजपासून तू. अहो-जाहो या पत्रापासून बंद. लाज वाटत असेल तर पत्र भावजींना दाखवू नकोस.

भावजींचा फोन आला होता. तूच करायला लावलास, दुसरं काय. माणूस सरळ आहे. म्हणाले, "वहिनी, किती लकी आहात हो! घराचं नाव 'सुनेत्रा' ठेवणार आहे तो. दगडात कोरून घेणार, इथे एक मेसन आहे, मस्त काम करतो. मला म्हणाला, सांगू नकोस, सरप्राइज आहे, पण यार, म्हटलं तुमचा राग तरी जाईल."

त्यांना वाटलं मी विरघळले. म्हणून आणखी गोडी लावायला पुढे म्हणतात कसे, "कॉलेजपासून त्याचं ठरलेलं होतं बघा. हॉस्टेलवर म्हणायचा, बायको कोणी का असेना, नाव सुनेत्रा! आम्ही चिडवायचो त्याला. शब्दाचा पक्का निघाला."

बायको कोणी का असेना.

माझा समज होता की तू मला बघितलंस, बघण्याच्या कार्यक्रमात मान वर करून माझ्या डोळ्यांकडे बघितलंस, आणि त्यावरून तुला ते नाव सुचलं. कुणी सांगितलं नव्हतं, माझी मीच घातलेली समजूत होती. तांदळातलं ते नाव त्या एका समजुतीवर मी गिळलं. चाळीस वर्षं दुखलं तेव्हा तेवढंच औषध घेतलं. आणि आता कळतं, मी दिसायच्या आधीच नाव तयार होतं. नकाशासारखंच. आधी नकाशा, मग प्लॉट. आधी सुनेत्रा, मग तिच्या जागी बसेल अशी एखादी मुलगी. मधे एखादं झाड असलंच तर तोडायचं.

घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून, म्हणतात. लग्न तू करून पाहिलंस. आता घर बांधून पाहतोयस. मला दोन्हीत धरू नकोस.

दगड कोरायला टाकला असशील तर त्या माणसाचे हात थांबव. हे मी विनंती म्हणून लिहीत नाही.

सही करायला नाव नाही मला आज.


पार्सिपनी, ३ ऑगस्ट

रवींद्र,

माफीची ईमेल मिळाली. लांब आहे. तिच्यात 'पण' किती वेळा आलंय ते तूच एकदा बघ.

सप्टेंबरच्या पंधराला खरेदीखत. त्याआधी माझा शपथेचा कागद पोचला नाही तर करार मोडेल आणि कुंपणापलीकडचा गाईवाला जमीन घ्यायला टपून बसलाय, हे तू चार वाक्यांत चार प्रकारे सांगितलंस. 'ही माझी शेवटची संधी आहे. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे पूल आणि पार्किंगचे मजले बांधले.' हे वाचून मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू. वाटलं वाईट. आणि वाईट वाटलं याचाही राग आला.

म्हणून गेले बँकेत. तिथे डेनिस म्हणून नोटरी आहे, आपल्याच वयाची, चष्म्याला मण्यांची साखळी. कागद तू पाठवलेला तोच, फक्त माझी सही बाकी. तिने हात वर करायला सांगितलं. केला.

"डू यू स्वेअर दॅट रेणू अँड सुनेत्रा आर वन अँड द सेम पर्सन?"

नावं तिने अशी उच्चारली की दोन्ही भलत्याच कोणाची वाटावीत. आणि माझ्या तोंडून हो निघेना. हात वर, मागे रांग. सांगू काय आलं डोळ्यांपुढे? मेडिकल कॉलेजची शेवटची तोंडी परीक्षा. परीक्षकांनी चुकीचं उत्तर बरोबर म्हणून सांगितलं आणि रेणू वझलवारने टेबलावर पुस्तक उघडून त्यांना पान दाखवलं. नापास होईन ही भीतीसुद्धा वाटली नाही तिला. रेणूला सर्जन व्हायचं होतं. सुनेत्रा भूल देणारी झाली, कारण घराजवळच्या हॉस्पिटलात तीच जागा रिकामी होती. रेणूच्यावतीने कुणी परस्पर सही केली असती तर तिने त्याच्या अंगावर दौत फेकली असती. सुनेत्रा बॅग भरून कडेची सीट काढून देते. या दोघी एकच, हे मी शपथेवर कसं सांगू? शपथेवर मी कधी खोटं बोलले नाहीये.

हात खाली घेतला. म्हटलं, "आय नीड टू थिंक."

डेनिस म्हणाली, "हनी, टेक युअर टाइम. आय हॅड थ्री लास्ट नेम्स."

कागद सही न करता घरी आणला. फ्रिजवर लावलाय, तुझ्या त्या प्लॉटच्या फोटोशेजारी. फोटो मी कुंपण बघायला लावला होता, भलतं काही समजू नकोस.

रेखा येऊन गेली. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, "अगं, तुला तरी कुणी जागा बघून देतंय." तिला मुलाने डॅलसला बोलावलंय. बेसमेंट तयार करून ठेवलंय म्हणे, आईसाठी, वेगळ्या दाराचं. ऑक्टोबरात जाईल. हे मी तुला एवढ्यात सांगणार नव्हते, कारण पहिल्या पत्रात मी तिच्या नावावर भांडले होते.

तरी माझं उत्तर 'नाही' हेच आहे.


पार्सिपनी, २१ ऑगस्ट

रवींद्र,

तुझे फोन, तुझ्या ईमेल, अंतराचे 'आई प्लीज', सगळं पोचलं. कोणालाच उत्तर देत नाहीये. सध्या मी पत्रं दुसऱ्या कुणाला तरी लिहितेय.

झाड तोडलं नाहीस ना, एवढं एका ओळीत कळव.


पार्सिपनी, ९ सप्टेंबर

रवींद्र,

'नाही तोडलं' हे दोन शब्द मिळाले. हसरा चेहरा नव्हता. आभार.

आता नीट बसून वाच.

मी तुझ्या नोतेरबाईंना थेट लिहिलं. त्यांच्या ऑफिसात इंग्लिश येणारी एक कारकून मुलगी आहे. आधी फक्त भांडायला लिहिलं होतं, की माझ्यावतीने सही करायचा हक्क माझ्या नवऱ्याला कुणी दिला. दोन दिवसांनी उत्तर आलं. सुरुवात होती, 'मादाम रेणू वझलवार'.

मी ओट्याशी उभी होते. फोडणीत मोहरी टाकलेली, ती करपली. कुणा परक्या बाईने, जिने मला पाहिलेलं नाही, जिला नागपूर कुठे आहे ते ठाऊक नाही, तिने मला माझ्या नावाने हाक मारली. कौतुक म्हणून नाही, प्रेमाने नाही, तिच्या देशात तसा नियम आहे म्हणून. मी गॅस बंद केला आणि रडले. मग तुझाच राग आला, की हे तुला जमलं नाही, एका परक्या ऑफिसला जमलं.

मग मी तिला बरंच विचारलं. जमीन दोघांच्या नावावर झाली तर माझा हक्क काय? ती म्हणाली, निम्मा. त्या जमिनीवर घर बांधायचं तर एकट्याच्या मर्जीने चालेल? ती म्हणाली, नाही, दोघांची संमती लागेल. मी तीनदा विचारून खात्री केली. तिला वाटलं असेल म्हातारी बहिरी आहे.

तेव्हा डेनिसकडे परत गेले. तू टाइप केलेला कागद फाडला. नवा मी लिहिला: माझं नाव रेणू भालचंद्र वझलवार. सुनेत्रा हे नाव लग्नाच्या वेळी नवऱ्याच्या घरी मला न विचारता ठेवण्यात आलं आणि पुढे कागदपत्रांवर मी ते वापरलं. डेनिस म्हणाली, 'न विचारता' हे असल्या कागदात लागत नाही. मी म्हटलं, राहू दे. तिने शिक्का मारला. हात वर करून मी हो म्हणाले, आणि माझा आवाज काउंटरपलीकडच्या माणसांनीही ऐकला.

आता पंधरा तारखेचं. मी येणार नाही. माझ्याऐवजी सही करायचं अधिकारपत्र मी तुझ्या नावे केलेलं नाही. ते त्या कारकून मुलीच्या नावे आहे. निम्मे पैसे माझ्या पेन्शनच्या खात्यातून गेले. तुझं पेन्शन, तुझी बचत, हे मी रागाने लिहिलं होतं. पण फुकटची निम्मी जमीन मला नको. खरेदीखतात नाव असेल रेणू वझलवार. तू सही करताना ते वाचशील. वाचूनच सही कर.

म्हणजे प्लॉट तुला मिळतोय. गाईवाल्याला जात नाहीये. नाच हवं तर.

पण बांधकामाला माझी संमती नाही. एक वीट नाही, एक फावडं नाही. सेप्टिक टँकसाठी खड्डासुद्धा नाही. तो नकाशा गुंडाळून भावजींच्या माळ्यावर टाक. पार्सिपनीचं घर विकायचं नाही, हे पहिल्या दिवशी होतं तेच आजही. कढीपत्ता आत घेण्याची वेळ झालीये, आणि तो तिकडे जगणार नाही. बेसमेंटमधली डिग्री मी वर आणली. जिन्यातल्या भिंतीवर लावलीये, दारातून आत आलं की पहिली तीच दिसते. परवा प्रसाद पुन्हा आला होता, या वेळी फक्त माफी मागायला. वाचून म्हणाला, "काकू, हू इज रेणू?" मी म्हटलं, "तीच घराची मालकीण आहे. तिला विचारल्याशिवाय काही मोजायचं नाही."

ऑक्टोबरच्या मध्यावर, अक्रोड पडायच्या दिवसांत, मी येईन. रेखाला डॅलसच्या विमानात बसवून मग. परतीचं तिकीट काढलेलं आहे आणि त्या सीटवर मी बसणार आहे. त्यानंतरही एक हिवाळा, एक उन्हाळा ती जमीन तशीच राहू दे. ऊन कुठून येतं, पाणी कुठे साचतं, झाडाची सावली कुठवर जाते, हे बघ. तू आयुष्यात एकदा तरी आधी बघ आणि मग काढ. मी खुर्ची टाकून त्या झाडाखाली बसेन आणि मला तिथे राहावंसं वाटतं का ते बघेन. वाटलं नाही तर निम्मी जमीन गाईंना.

राग गेला असं समजू नकोस. गेलेला नाही. तो आता माझ्या नावावर आहे, तुझ्या नाही.

तिकडच्या लिमोज स्टेशनवर मला घ्यायला ये. प्लॅटफॉर्मवर गर्दी असेल, माझे गुडघे धरलेले असतील, मी तुला लांबून ओळखणार नाही. तेव्हा मोठ्याने हाक मार. हाक चुकलास, तर मी गाडीतून उतरणार नाही.

रेणू